मॉनिटर बंद ठेवणारा राजदीप तायडे

आमच्या कॉलेजातले कॉम्प्युटर सकाळी आपोआप चालू होऊ लागले, तेव्हा सगळ्यात आधी घाबरले ते वाल्मीकभाऊ. वाल्मीकभाऊ लॅबचे शिपाई. गाव पारोळ्याकडचं, बोली अहिराणी. तोवर त्यांची सकाळ तिन्ही लॅबमधल्या एकेका टेबलाखाली वाकून बटणं दाबण्यात जायची. त्या दिवशी ते झाडू घेऊन लॅबमध्ये शिरले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रांगाच्या रांगा उजळल्या. ते तसेच मागे फिरले आणि समोरच्या ग्रंथालयात माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"अक्का, बठ्ठा कम्प्युटर आपोआप चालू व्हयनात. हाई काय शे?"

मी तिथली ग्रंथपाल. जळगावात इतकी वर्षं काढली, पण आपोआप काही चालतं यावर माझाही फार विश्वास नव्हता. आम्ही दोघं लॅबमध्ये गेलो. कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये लॅब-इनचार्ज राजदीप तायडे बसला होता.

"भूत नाही, वाल्मीकभाऊ," तो हसून म्हणाला. "मी इथून हाक मारली, ते उठले."

मग त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. एकेका मशीनपाशी जाऊन जे करायचं, ते सगळं एका फाइलीत ओळीनं लिहून ठेवायचं. ती फाइल आपल्या खुर्चीवरून चालवायची. नेटवर्कनं जोडलेली सगळी मशीनं मग ते काम एकदमच करतात. याला तो स्क्रिप्ट म्हणायचा. चालू करायची एक स्क्रिप्ट, बंद करायची एक, नवं सॉफ्टवेअर टाकायची एक, गेल्या बॅचच्या मुलांनी करून ठेवलेला पसारा साफ करायची एक. पूर्वी सत्राच्या सुरुवातीला राजदीप आणि वाल्मीकभाऊ आठवडाभर मशीनमागून मशीन करत फिरायचे. आता चहा पिऊन होईपर्यंत काम आटोपायचं.

कॉलेजात त्याचं नाव झालं. प्राध्यापक म्हणायचे, पोरगं हुशार आहे. काहीजण म्हणायचे, आळशी आहे, खुर्ची सोडत नाही. राजदीप दोन्ही ऐकून घ्यायचा. पण तो हे का शिकला, ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं पुढे स्वतःच सांगितलं म्हणून मला ते सांगता येतंय.

राजदीप वाढला दीपनगरला. वडील औष्णिक वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. वसाहतीत रात्रभर दिव्यांचा उजेड. रस्त्यावर, मैदानावर, घरामागच्या गटारीपाशीसुद्धा दिवे. त्यामुळे या पोराला अंधारात दिसत नाही, हे घरी कुणाच्या लक्षातच आलं नाही. आई द्रौपदाबाई त्याला फैजपूरजवळ माहेरी घेऊन जायची, तेव्हा मात्र संध्याकाळ झाली की तो अंगणातल्या खाटेवर आदळायचा, बैलाच्या दाव्यात पाय अडकून पडायचा. केळीच्या बागेतून घराकडे येताना मामाचा सदरा घट्ट धरून चालायचा. मामा हसायचे, "शहरी पोरगं, भित्रं हाय." द्रौपदाबाई त्याला गाजरं खाऊ घालायची आणि भावांना गप्प करायची. भित्रा हा शब्द मात्र पोराच्या मनात बसला. दिसत नाही असं म्हटलं की लोक भित्रा म्हणतात, तेव्हा म्हणायचंच नाही, असं त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं असावं.

भुसावळला शिकून तो आमच्याकडे नोकरीला लागला. करार दरवर्षी नवा व्हायचा. लग्न झालं. बायको प्राची एका प्राथमिक शाळेत शिकवते. तिशी ओलांडता ओलांडता दिवसाउजेडीही काहीतरी बिनसू लागलं. पडद्यावरचा माउसचा बाण सापडेना. कोपऱ्यात उघडलेली चौकट दिसेना. एखादा विद्यार्थी बाजूला येऊन उभा असायचा आणि याला पत्ता नसायचा. पोरांना वाटायचं, सर मुद्दाम दुर्लक्ष करतात. तो एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आला. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेनं वाळत चाललाय. मधलं दिसेल, भोवतालचं जात राहील.

"म्हणजे पाइपातून बघितल्यासारखं?" त्यानं विचारलं.

"तसंच. आणि पाइप हळूहळू बारीक होत जाईल," डॉक्टर म्हणाले. औषध नव्हतं.

तिथून तो स्क्रिप्टकडे वळला. चित्रांनी आणि चौकटींनी भरलेल्या पडद्यावर काय कुठे आहे ते शोधणं त्याला जड जात होतं. काळ्या पडद्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं, हे जमत होतं. ओळ पडद्याच्या मधोमध असायची आणि मधलं त्याला दिसत होतं. तीन लॅबमधल्या टेबलांच्या गर्दीतून वाट काढणंही त्यामुळे टळलं. लोक कौतुक करायचे तेव्हा त्याला चोरी केल्यासारखं वाटायचं. "अक्का, सगळ्यांना वाटायचं मी पुढे चाललोय. मी तर माघार घेत होतो," असं तो मला म्हणाला होता.

घरी फार काळ लपलं नाही.

"तुम्ही कालही रिक्षानं आले, परवाही," प्राचीनं एकदा विचारलं. "गाडीला काय झालं?"

"क्लच घसरतोय."

"मी आज तीच गाडी शाळेत नेली. क्लच चांगला आहे."

मग जेवता जेवता त्यानं सगळं सांगितलं. प्राचीनं हातातला घास ताटात ठेवला. ती रडली नाही, इतकंच म्हणाली, "कॉलेजात सांगून टाका."

"सांगितलं की करार संपला म्हणून समज. आंधळा लॅब-इनचार्ज कोण ठेवणार?"

"आणि उद्या एखादी चूक झाली तर?"

"होणार नाही. मी सगळं दोनदा तपासतो."

तपासायचाही. पण दिसतं तेवढंच माणूस तपासू शकतो.

उन्हाळी सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बी लॅबमध्ये मुलं बसली होती, बाहेरून परीक्षक आले होते. ए लॅब दुपारच्या तुकडीसाठी मोकळी करून ठेवायची होती. राजदीपनं साफसफाईची स्क्रिप्ट उघडली; ती मशीनवरचं सगळं पुसून मशीन बंद करून परत चालू करायची. कोणत्या लॅबवर ती चालवायची, त्यांची नावं स्क्रिप्टमध्येच एकाखाली एक लिहिलेली असायची. पहिल्या ओळीत ए होतं. खालच्या ओळीत बी होतं. आदल्या आठवड्यात दोन्ही लॅब साफ केल्या होत्या, ते तसंच राहून गेलं होतं. अक्षरं त्यानं इतकी मोठी करून ठेवली होती की त्याच्या नजरेच्या वर्तुळात एकच ओळ मावत होती. त्यानं ए वाचलं, पुन्हा एकदा ए वाचलं, आणि एंटर दाबलं.

मी ग्रंथालयात होते. समोरून एकदम गलका उठला. जाऊन बघते तर बी लॅबमधले सगळे पडदे काळे, मुलं उभी राहिलेली. थोड्या वेळानं मशीनं परत सुरू झाली. पण मुलांनी सकाळपासून लिहिलेले प्रोग्रॅम कुठल्याच मशीनवर नव्हते. फोल्डर रिकामे. फैजपूरहून पहाटेची बस पकडून येणारी लताबाईंची शिल्पा (लताबाई आमच्या कॅन्टीनला पोळ्या पुरवायच्या, त्यांची ही भाची) डोकं धरून खाली बसली.

राजदीप केबिनमधून धावत निघाला. परीक्षेसाठी बाहेर काढून ठेवलेला एक बाक व्हरांड्यात आडवा होता. एरवी व्हरांडा त्याला पाठ होता, पण बाक त्या पाठांतरात नव्हता. तो तोंडावर आपटला. भिवईपाशी फुटलं. मी रुमाल दाबला, तर मला बाजूला सारून तो भिंतीला हात लावत लॅबकडे चालू लागला. तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं. बाक चांगला हातभर रुंद होता.

लॅबच्या दारात विभागप्रमुख हेमांगी बोरसे मॅडम आणि प्राचार्य उभे होते. लाइट गेलेली नव्हती, पंखे फिरत होते. म्हणजे दोष यूपीएसचा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि यूपीएसच्या खोलीत नुकतीच फरशी पुसून बाहेर आले होते वाल्मीकभाऊ.

"परीक्षेच्या वेळी त्या खोलीत जायचं नाही, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं का?" प्राचार्यांचा आवाज चढला होता.

"साहेब, मी बटनले हात नही लावा," वाल्मीकभाऊ म्हणाले. हातातली बादलीसुद्धा त्यांनी खाली ठेवली नव्हती.

"मग काय आपोआप बंद झाले?"

वाल्मीकभाऊंच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. मुलांपुढे असं बोलणं त्यांनी कधी ऐकून घेतलं नव्हतं. त्यांची मान खाली गेली.

राजदीप माझ्या शेजारी उभा होता. आता बोललं नाही तरी चालून जाईल, हे त्याला कळत होतं. स्क्रिप्टबद्दल कुणाला काही समजत नव्हतं. यूपीएसचा दोष सगळ्यांनी मान्य केला होता. एक ओरडा खाऊन वाल्मीकभाऊ घरी गेले असते आणि विषय संपला असता. हे सगळं त्याच्या मनात आलं, असं त्यानंच मला सांगितलं. मग तो पुढे झाला.

"सर, वाल्मीकभाऊंनी काही केलं नाही. मी केलं. माझी स्क्रिप्ट चुकून या लॅबवर चालली."

"चुकून म्हणजे?" बोरसे मॅडमनी विचारलं. "तुम्ही नावं तपासत नाही?"

"तपासली, मॅडम. खालची ओळ मला दिसली नाही. मला नीट दिसत नाही. कितीतरी वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही."

वाल्मीकभाऊंनी बादली खाली ठेवली आणि राजदीपच्या कोपराला धरून त्याला खुर्चीवर बसवलं.

परीक्षकांनी समजुतीनं घेतलं. दुपारी ए लॅबमध्ये परीक्षा पुन्हा झाली. बहुतेकांचं निभावलं. शिल्पाचं निभावलं नाही. संध्याकाळी ती केबिनपाशी आली. भिवईला पट्टी लावून राजदीप बसला होता.

"सर, सकाळी माझा प्रोग्रॅम चालला होता," ती म्हणाली. "दुपारी नाही चालला. मला काहीच सुचलं नाही."

"माझ्यामुळे झालं," राजदीप म्हणाला.

"हो," ती म्हणाली आणि निघून गेली. ती पास झाली, पण ज्या गुणांची तिला आशा होती ते मिळाले नाहीत. ती पुढे राजदीपशी कधी फार बोलली नाही. राजदीपनंही तिनं माफ करावं अशी अपेक्षा ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तो राजीनामा लिहून घेऊन गेला. बोरसे मॅडमनी तो वाचला आणि टेबलावर उपडा ठेवला.

"तायडे, मला राग आलाय तो तुमच्या डोळ्यांचा नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही लपवलंत त्याचा आहे. माहीत असतं तर परीक्षेच्या दिवशी मी तुम्हाला एकट्याला हे करू दिलं नसतं. आणि घरी गेलात तर हे काम येतंय कुणाला इथे?"

"मॅडम, अजून काही वर्षांनी मला काहीच दिसणार नाही."

"मग ती काही वर्षं शिकण्यात घालवा. इथे हातपाय धड असलेले बरेच आहेत, हे काम येणारा एकच. मी संस्थेशी बोलते. पण परत काही लपवलंत तर मीच घालवीन."

संस्थेशी बोलणं सोपं गेलं नाही. डोळ्यांचा दाखला आणा, वैद्यकीय मंडळापुढे हजर राहा, पुन्हा या. संस्थेतल्या एकानं तर तोंडावर विचारलं, "उद्या वायरमन पण आंधळा ठेवायचा का?" मॅडम दिव्यांगांच्या नोकरीचा कायदा वाचून गेल्या होत्या. त्यांनी तो वाचून दाखवला. नोकरी टिकली, पण अट पडली : परीक्षेच्या काळात एकही स्क्रिप्ट चालणार नाही, आणि एरवीही मशीनवरचं काही पुसायचं असेल तर दुसऱ्या माणसाला ऐकवल्याशिवाय पुसायचं नाही.

आता शिकायचं कुणाकडे? प्राचीनं चौकशी करून करून एक माणूस शोधला. धुळ्याचे जितेंद्र बिऱ्हाडे, बँकेत नोकरी, जन्मापासून अंध. दर रविवारी राजदीप बसनं धुळ्याला जाऊ लागला. सुरुवातीला प्राची सोबत असायची.

पहिल्याच दिवशी जितेंद्रभाऊंनी त्याला आपल्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. मशीन पडद्यावरचं वाचून दाखवत होतं, पण इतक्या झपाट्यानं की राजदीपला एक शब्द लागेना. चण्याफुटाण्यांच्या भट्टीसारखा नुसता तडतडाट. जितेंद्रभाऊ मात्र ऐकता ऐकता प्राचीला चहात साखर किती विचारत होते.

"हे मला नाही जमायचं," राजदीप म्हणाला.

"हळू करून देतो. कान तयार होतात," जितेंद्रभाऊ म्हणाले. "पण मला सांगा, तुमच्यापुढचा पडदा चालू आहे का आत्ता?"

"हो."

"बंद करा."

राजदीपचा हात बटणाकडे गेला आणि थांबला.

"तुमचं अर्धं लक्ष अजून डोळ्यांवर आहे," जितेंद्रभाऊ म्हणाले. "थोडं दिसतं ना, तेच घात करतं. मला काहीच दिसत नाही, म्हणून मी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकतो. तुम्हाला एक ओळ दिसते आणि वाटतं, झालं."

राजदीपनं मॉनिटर बंद केला. पहिला तास वाईट गेला. आपण कुठे आहोत, काय उघडलंय, काही कळेना. मग जितेंद्रभाऊंनी त्याला त्याची नेहमीची काळी खिडकी उघडायला सांगितली, आज्ञा लिहायची. त्यानं सवयीची एक ओळ लिहिली. मशीननं ती वाचून दाखवली. एंटर दाबलं, मशीननं उत्तर वाचून दाखवलं. आणखी एक ओळ. आणखी एक उत्तर. चित्र नाही, चौकट नाही, बाण शोधायला नको. त्यानं माघार म्हणून जी वाट धरली होती, तिथे डोळ्यांचं काही काम नव्हतंच. परतीच्या वाटेवर पारोळा मागे पडलं. तेव्हा तो प्राचीला म्हणाला, "मी उगाच इतकी वर्षं घाबरलो."

"उगाच नाही," प्राची म्हणाली. "पण फार वर्षं घाबरले."

त्यानं सगळ्या स्क्रिप्ट नव्यानं लिहिल्या. आता कुठलीही स्क्रिप्ट कामाला लागण्याआधी स्पीकरवरून मोठ्यानं सांगते : कोणती लॅब, कोणती मशीनं, काय पुसणार. मग थांबते. वाल्मीकभाऊंनी ते ऐकून "हा, बरोबर शे" म्हटल्याशिवाय राजदीप पुढचं बटण दाबत नाही. मशीनला मराठी शब्द नीट उच्चारता येत नाहीत. त्याच्या हेलावर वाल्मीकभाऊ मनसोक्त हसतात. एकदा त्यांनी खरोखरच थांबवलं होतं, सी लॅबमध्ये बाहेरची मुलं बसली होती म्हणून.

पाइप बारीक होतच गेला. काठी आणली, पण कितीतरी दिवस ती घडी घालून पिशवीतच राहायची. रिक्षावाला गेटपर्यंत सोडायचा आणि तिथून तो पाठ असलेल्या वाटेनं यायचा. एका सोमवारी तो गेटपाशी थांबला, पिशवीतून काठी काढली आणि खटखट उघडली. मी मागेच होते. समोर मुलांची गर्दी, गाड्या लावण्याची घाई. कुणी बाजूला झालं, कुणी वळून पाहिलं, एका पोरानं आपली आडवी लावलेली गाडी मुकाट्यानं ओढून घेतली. राजदीपचे कान लाल झाले होते. पायऱ्यांपाशी मी त्याला गाठलं.

"कसं वाटलं रे?"

"लाज वाटली, अक्का," तो म्हणाला. "पण आज वाटेत एकदाही मनातल्या मनात पावलं मोजली नाहीत."

गेल्या वर्षी संस्थेनं धुळ्याच्या आपल्या कॉलेजातली लॅबही त्याच्याकडे दिली. घालवीन म्हणणाऱ्या बोरसे मॅडमनीच त्याचं नाव सुचवलं. जळगावच्या केबिनमधून तो तिथली मशीनं चालू करतो, बंद करतो, बिघाड झाला तर शोधतो. कानात इअरफोन, समोरचा मॉनिटर बंद. नव्यानं आलेले प्राध्यापक चाचरत विचारतात, सर, पडदा बिघडलाय का? तो म्हणतो, नाही, वीज वाचवतोय.

मध्यंतरी आमची एक सभा धुळ्याला होती, तेव्हा तो माझ्यासोबत आला होता. सभा संपल्यावर म्हणाला, "लॅबमध्ये जाऊ या. इथली मशीनं रोज उठवतो, हात कधी लावला नाही." उन्हाची वेळ, सुट्टी, आत कुणी नव्हतं. मी दार उघडून दिलं. काठी दाराशी टेकवून तो पहिल्या रांगेत शिरला आणि एकेका मशीनवर हात ठेवत, त्याचं नाव घेत शेवटपर्यंत गेला. मधे एका टेबलाशी थांबून म्हणाला, "हे टेबल इतकं छोटं असेल असं वाटलं नव्हतं." मग दुसऱ्या रांगेला लागला. मी दारात उभी राहिले. घाई करायचं काही कारण नव्हतं, जळगावची बस अजून लागायची होती.